धंद्यातून बाहेर पडताना: रिकाम्या दिवसाची रंगीत तालीम

नोकरदाराला निवृत्तीची तारीख कळवली जाते. त्या दिवशी चार माणसं चार शब्द बरे बोलतात आणि दुसऱ्या दिवसापासून जायचं नसतं. धंदेवाल्याला असं कोणी घरी पाठवत नाही. तारीख आपणच ठरवायची आणि आपणच पुढे ढकलायची. मी माझी तीनदा ढकलली. माझा छपाईचा व्यवसाय, एकतीस वर्षांचा. पहिल्या वेळी नव्या मशीनचं कर्ज आडवं आलं, दुसऱ्या वेळी एक मोठं काम. तिसऱ्या वेळी सांगण्यासारखं कारणही नव्हतं.

शेवटी एका मंगळवारी प्रयोग म्हणून घरी थांबलो. दहा चाळीसला प्रेसमध्ये फोन केला, कागद आला का विचारायला. आला होता. साडेअकराला पुन्हा केला, प्रूफ गेलं का. गेलं होतं. चौथ्या फोनला मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेच या ना. तेवढाच आमचा वेळ वाचेल."

धंदा विकायचा कसा, मोल किती लावायचं, कर किती बसेल, हे या लेखात नाही. त्यासाठी हिशेबनीस आणि वकील आहेत, त्यांना फी देऊन विचारा. मी सांगतोय ते रोजच्या तासांबद्दल: सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचे जे तास आजवर धंद्याने परस्पर भरले, त्यांचं काय करायचं. बाहेर पडायला अजून दोन ते पाच वर्षं असतील तर आत्ताच सुरुवात करा. दोन महिनेच उरले असतील तर पायरी २, ३ आणि ४ आधी उरका, बाकीचं नंतर बघू.

हाताशी काय काय लागेल

- दोन वह्या. एक तुमच्या खिशात मावेल अशी, दुसरी धंद्याच्या जागी टेबलावर कायम राहील अशी.
- दुसरा फोन नंबर, जो धंद्यातल्या कोणालाही द्यायचा नाही.
- तुमच्या नावावरच्या आणि धंद्याच्या नावावरच्या गोष्टींची यादी: वाहन, विमा, फोन, इंटरनेट, ईमेल.
- बँकेत सह्या कोणाच्या चालतात त्याची नोंद, कर्जांचे कागद, आणि कुठे जामीन राहिला असाल तर त्याचे कागद.
- मृत्युपत्र, नामनिर्देशनं, आणि वेळ आलीच तर तुमच्या वतीने सही कोण करेल याचं मुखत्यारपत्र.
- किल्ल्यांचा जुडगा आणि प्रत्येक किल्लीला लावायला चिठ्ठी. हसू नका. माझ्याकडे तेवीस किल्ल्या निघाल्या आणि त्यातल्या सहा कशाच्या, हे मलाच सांगता येईना.
- डोळे, कान, रक्तदाब आणि साखर यांच्या ताज्या तपासण्या.

१. पंधरा दिवसांचा वेळ लिहून काढा

गल्ल्याचा हिशेब रोज करत आलात, तसा आता पंधरा दिवस वेळेचा करा. खिशातल्या वहीत दर अर्ध्या तासाला एक शब्द लिहायचा. मी चारच शब्द ठरवले होते: काम, विचारणा, फेरी, बसणं. 'काम' म्हणजे माझ्यावाचून जे अडलं असतं ते. 'विचारणा' म्हणजे कोणीतरी येऊन "हे असं करू का?" म्हणालं ते. 'फेरी' म्हणजे मशीनपासून कटिंगपर्यंत उगाच मारलेली चक्कर. 'बसणं' कळलंच असेल.

अकरा तासांच्या दिवसात खरं काम साडेतीन तास भरलं. मी चक्रावलो, मग थोडा रागावलो, मग पुन्हा मोजलं. दुसऱ्या आठवड्यात तर तीनच तास आले.

हा हिशेब धंदा सुधारण्यासाठी नाही. धंदा तुम्हाला पैशाखेरीज काय देत होता, हे त्यातून कळतं. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'विचारणा'. दिवसातून तीस-चाळीस वेळा कोणीतरी मला काहीतरी विचारत होतं. घरी बसलं की पहिली तूट याच खात्यात पडते. तुमच्या वहीत 'फेरी' जास्त निघाली तर तूट हालचालीची असेल. पुढचं नियोजन या वहीवरूनच करायचं, म्हणून ही पायरी गाळू नका.

२. आठवड्यातला मधला एक वार सोडा

सुट्टीला लागून येणारा वार घेऊ नका. दोन दिवस जोडून आले की मन त्याला सहल समजतं. मधला वार निवडा, ज्या दिवशी बाकी सगळं जग कामावर असतं. निवृत्तीनंतरचा दिवस तसाच असणार आहे: घर शांत, ओळखीचे सगळे कामावर, आणि घड्याळात पावणेअकरा.

पहिले तीन महिने एक वार, पुढचे सहा महिने दोन वार, मग अर्धा आठवडा, अशी चढण ठेवा. "नवीन सवय एकवीस दिवसांत लागते" हे ऐकलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात एखादी साधी रोजची कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यांना आढळलं. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात करमत नाही म्हणून तालीम मोडीत काढू नका.

इथला सापळा म्हणजे त्या वारी साठलेली कामं काढणं. बँक, नळाची दुरुस्ती, गाडीचं सर्व्हिसिंग. संध्याकाळी वाटतं, काय छान गेला दिवस! प्रत्यक्षात ती फक्त दुसरी ड्युटी झाली. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहून ठेवलं आहे की जितका वेळ हाताशी असेल तितकं काम फुगत जातं. त्यांनी दाखला दिला तो एका निवांत वृद्ध बाईंचा. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात त्यांचा अख्खा दिवस जातो. तासभर चष्मा शोधण्यात, आणि पुढच्या रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नको यात वीस मिनिटं. मी एका बुधवारी फक्त एक बल्ब बदलला होता, हे कबूल करतो.

त्या दिवशी दोनच गोष्टी ठरवा: एक घराबाहेरची, एक बसून करायची. बाकीचा वेळ रिकामा राहू द्या आणि नक्की कितीच्या सुमाराला जीव कासावीस होतो ते वहीत टिपा. माझी वेळ पावणेअकरा ते बारा आणि नंतर पाचला. प्रेसमध्ये पावणेअकराला डाक यायची आणि पाचला डिलिव्हरीची गाडी सुटायची. पोहायला जायची वेळ मी पुढे मुद्दाम अकराची घेतली, ती यामुळे.

३. फोन सोडवा

मी सगळ्यात जास्त इथेच चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

धंदेवाला खुर्चीवरून उठला तरी खुर्ची त्याच्या खिशात असते. तुम्ही डोंगरावर फिरायला जा, फोन वाजला की तुम्ही काउंटरवर. त्यामुळे पहिलं काम म्हणजे नंबर वेगळे करणं. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांकडे असलेला नंबर धंद्याला देऊन टाका, आणि स्वतःसाठी नवा घ्या. जुना नंबर जवळ ठेवून "फक्त महत्त्वाचे फोन घेईन" म्हणणाऱ्यांपैकी एकाचंही जमलेलं मी पाहिलेलं नाही.

नंबर देण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. बँकेचे, ईमेलचे आणि सरकारी पोर्टलांचे ओटीपी कुठल्या नंबरवर येतात? आमच्याकडे सगळे माझ्या नंबरवर यायचे. पहिल्या महिन्यात मी पाण्यात, फोन लॉकरमध्ये, आणि तिकडे कागदवाल्याचं पेमेंट ओटीपीसाठी तासभर लटकलेलं. कागदवाल्याने माल परत नेला. दोष कोणाचाच नव्हता, यादी करायची राहिली होती. प्रत्येक खात्यासमोर नंबर, ईमेल आणि सहीचा अधिकार लिहा, आणि एकेक करत बदलून घ्या. एका दिवसात होत नाही, आम्हाला सात आठवडे लागले.

मग टेबलावरची वही. नियम असा, की माझ्या सुट्टीच्या वारी कोणाला काही विचारायचं असेल तर फोन करायचा नाही, वहीत प्रश्न लिहायचा. संध्याकाळी पाचला मी एकदाच फोन करणार आणि वही वाचून घेणार. पहिल्या बुधवारी चौदा प्रश्न होते. पाच वाजेपर्यंत त्यातल्या नवांवर त्यांनीच उत्तरं लिहून खाली रेघ मारली होती. उरलेल्या पाचांपैकी दोन असे होते की उत्तर मलाही माहीत नव्हतं. दोन-तीन महिन्यांत पानं कोरी राहायला लागली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला, पण लगेच नाही.

वहीचा दुसरा फायदा नंतर कळला. माझ्या डोक्यात असलेलं आणि कुठेच न लिहिलेलं ज्ञान तिच्यात उतरलं. कुठल्या गिऱ्हाइकाला प्रूफ कागदावरच लागतं, कोणाची उधारी साठ दिवस चालते आणि कोणाची पंधराच्या पुढे न्यायची नाही, पावसाळ्यात कागद मशीनवर चढवण्याआधी किती वेळ त्याच खोलीत उघडा ठेवायचा. कागद हवेतली ओल शोषतो, फुगतो, आणि मग चार रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. हे मी कधी कोणाला शिकवलं नव्हतं. मी फक्त "अजून थांबा" म्हणायचो.

आता कॅमेरा. धंद्याच्या जागेचा सीसीटीव्ही तुमच्या फोनवर दिसत असेल तर ते अॅप काढून टाका. आज काढा. मी घरी सोफ्यावर बसून बारा-बारा मिनिटं बाइंडिंगचं टेबल बघत बसायचो. एकदा फोन करून सांगितलं की डाव्या बाजूचा गठ्ठा कडेला आलाय, पडेल. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, कॅमेरा चोरांसाठी लावलाय ना?" त्या रात्री अॅप काढलं.

४. काय काय धंद्याच्या नावावर आहे?

मालकाचं घर आणि धंदा यांच्यात भिंत नसते. निघायची वेळ आली की हे दिसतं. ही यादी करताना घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन बसा, कारण आपल्याला सवयीने दिसत नाही.

आमच्याकडे निघालं ते असं: गाडी धंद्याच्या नावावर, घरचं इंटरनेट धंद्याच्या बिलात, आणि आरोग्य विमा धंद्याच्या सामूहिक पॉलिसीत. विम्याची गोष्ट सगळ्यात नाजूक. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडलात की छत्र जातं, आणि नवी वैयक्तिक पॉलिसी घेताना वय आणि जुने आजार दोन्ही आडवे येऊ शकतात, प्रतीक्षाकाळ लागू शकतो. म्हणून नवी पॉलिसी सुरू होऊन तो काळ सरत आल्यावर जुनी सोडा, आधी नाही.

दुसरं, वैयक्तिक हमी. धंद्याच्या कर्जाला तुम्ही स्वतः जामीन राहिला असाल, तर पद सोडलं किंवा भागीदारीतून निघालात म्हणून ती आपोआप सुटत नाही. बँकेकडून तसं लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल साहेब" यावर विसंबू नका.

५. स्वतःला पगार द्या

नोकरदाराला ठरलेल्या रकमेत महिना काढायची सवय असते. आपल्याला नसते. लागले की काढले, चांगला महिना असला की जास्त काढले. निवृत्तीनंतर हे चालत नाही, कारण गल्ला भरणारं कोणी नसतं.

बाहेर पडण्याआधी किमान सहा महिने, जमल्यास वर्षभर, नंतर जेवढी रक्कम मिळणार आहे तेवढीच महिन्याच्या एक तारखेला खात्यात टाका आणि तेवढ्यातच भागवा. कमी पडलं तर ते आता कळलेलं बरं. अजून दुरुस्त करता येतं. आमचं चौथ्या महिन्यात कोलमडलं, आणि कारण निघालं माझा मोठेपणा: कुठेही चार जण बसलो की बिल मीच द्यायचो. धंद्यात तो खर्च 'संबंध' या नावाखाली खपून जायचा.

६. घर हा कारखाना नाही

तुम्ही घरी नसताना घराचं एक वेळापत्रक बसलेलं असतं. ते कोणीतरी मेहनतीने बसवलेलं असतं, आणि त्यात दुपारी अकरा ते पाच तुम्ही नसता. जपानी भाषेत निवृत्त नवऱ्यांसाठी एक बोचरा शब्द आहे, 'नुरेओचिबा', म्हणजे ओलं गळालेलं पान. झाडू मारला तरी चिकटून राहतं.

तिसऱ्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे वळलो. रोज लागणारे डबे वरच्या फळीवर आणि महिन्यातून एकदा लागणारे हाताशी, हे मला पटेना. सगळं उतरवलं, वापराच्या क्रमाने लावलं, झाकणांवर चिठ्ठ्यासुद्धा छापून चिकटवल्या. बायको बाहेरून आली, दारातच थांबली. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, इथे तुमच्या हाताखाली कोणी नाहीये." मग कळलं की वरच्या फळीवरचे डबे तिच्या खांद्याच्या दुखण्यामुळे तिथे होते. फिजिओथेरपिस्टने दिवसातून काही वेळा हात वर न्यायला सांगितलं होतं. हे मला माहीत नव्हतं. चार महिने.

त्यानंतर आम्ही बसून तीन गोष्टी ठरवल्या. दुपारचं जेवण ज्याचं त्याने आपापल्या वेळी घ्यायचं, रात्रीचं एकत्र. घरातली दोन कामं पूर्णपणे माझी, म्हणजे मदत म्हणून नाही, तर सामान संपलंय हे लक्षात ठेवण्यापासून माझी. आणि आठवड्यातले दोन दिवस दोघांनी एकमेकांना "कुठे चाललात?" विचारायचं नाही. तुमचे नियम वेगळे असतील. पण निवृत्तीच्या आधी बोला. तालमीच्या वारी बोलणं सोपं जातं, कारण तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघांनाही सुटका असते.

७. शरीराचा हिशेब

दुकान, कारखाना, वर्कशॉप यांतला मालक दिवसभर नकळत चालत असतो. धंदा सुटला की ती चाल एका दिवसात थांबते, भूक मात्र तेवढीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पासष्टीच्या पुढे, आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल सांभाळण्याचा सरावही त्यात धरला आहे. चालणारे पुष्कळ दिसतात, तोलाकडे फारसं कोणी बघत नाही. दात घासताना एका पायावर उभं राहून बघा. पहिल्या दिवशी बेसिन धरावं लागलं तर नवल नाही. बेसिन नसेल तिथे भिंतीजवळ उभे राहा.

मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं असेल तर कानांची तपासणी चुकवू नका. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची शिफारस केलेली मर्यादा मानतात. आवाजाने होणारा ऱ्हास आधी उंच पट्टीत सुरू होतो, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. मला वर्षानुवर्षं वाटायचं की आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. माणसांत मिसळणं हा निवृत्तीचा अर्धा कार्यक्रम असेल, तर ऐकू येणं हे पहिलं साहित्य.

८. छंद निवडताना

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी फुरसतीचे प्रकार पाडले. एक सहज फुरसत: टीव्ही, गप्पा, डुलकी. दुसरी त्यांच्या शब्दांत 'गंभीर' फुरसत, जिच्यात शिकावं लागतं, अडखळावं लागतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू हात बसतो. या दुसऱ्या प्रकाराची मांडणी त्यांनी १९८२ साली केली. तिसरी अधूनमधून हाती घ्यायच्या एखाद्या उपक्रमाची. धंदेवाल्यांची चूक बहुधा एकच असते. निवृत्तीसाठी ते फक्त पहिला प्रकार राखून ठेवतात. तो थकलेल्या माणसाला गोड लागतो. थकलेलेच नसाल तर दहाव्या दिवशी त्याची चव जाते.

निवडताना तीन गोष्टींपासून सांभाळा.

पहिली, सामान आधी घेणं. आपल्याला भांडवल घालायची सवय, त्यामुळे छंदातही आधी यंत्रसामग्री येते. पहिले तीन महिने मागून आणा, भाड्याने घ्या, जुनं घ्या.

दुसरी, धंद्याचाच शेजारी निवडणं. मी आधी हाताने पुस्तकबांधणी सुरू केली. कागदाचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, बघायचा, शिवणीला दोरा ओवायचा, गोंद वाळेपर्यंत वजनाखाली ठेवायचं. छान चाललं होतं. सहाव्या वहीला एका ओळखीच्याने विचारलं, "अशा पन्नास करून द्याल का?" आणि माझ्या तोंडून उत्तराआधी "कधी लागतील?" निघालं. रात्री दीड वाजता मी पन्नास वह्यांना किती कापड लागेल याचा हिशेब करत होतो. दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं आणि बांधणी वर्षभर बाजूला ठेवली.

तिसरी, जे आधीच येतं तेच निवडणं. मालक म्हणून आपण इतकी वर्षं इतरांच्या चुका काढल्या की आपली चूक दाखवून घ्यायची सवयच राहत नाही. म्हणून निदान एक गोष्ट अशी घ्या, जिच्यात तुम्ही पहिल्या दिवशी वर्गातले सगळ्यात ढ असाल.

माझ्यासाठी ती पोहणं. प्रशिक्षक माझ्या मुलीपेक्षाही लहान. पहिले चार दिवस मला पाण्यात कडेचा दांडा धरून फक्त श्वास सोडायला लावलं. मी छाती भरून श्वास घ्यायचो आणि पाण्याखाली तो रोखून धरायचो. "काका, धरून ठेवू नका. पाण्यात सोडा, मग वर आल्यावर आपोआप आत येईल." कळत होतं, पण वळत नव्हतं. डोकं खाली गेलं की छाती कुलूप लावल्यासारखी बंद व्हायची. वर येऊन एकाच क्षणात जुना श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा म्हटलं की दोन्ही अर्धे व्हायचे आणि नाकात पाणी. पाचव्या दिवशी कानाशी बुडबुड्यांचा आवाज ऐकू आला. माझेच बुडबुडे. त्याच्या आधी ते कधी निघालेच नव्हते. प्रशिक्षक नुसता "हं" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे गेला. मी घरी जाऊन बायकोला तीनदा सांगितलं.

(पन्नाशीनंतर पोहणं नव्याने सुरू करत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि एकटे पाण्यात उतरू नका.)

९. माणसं

गिऱ्हाइकं, कागदवाले, दलाल, बँकेतले. यांच्यातले कितीतरी मित्र वाटतात, आणि त्यातले थोडे असतातही. कोण कोण, हे बिलं बंद झाल्यावर कळतं. त्यात कडवटपणा आणू नका, त्यांचेही दिवस भरलेले असतात. तालमीच्या काळात कामाचं काही निमित्त नसताना दहा जणांना फोन करा. ज्यांच्याशी दहा मिनिटांनंतरही बोलणं धंद्यावर आलं नाही, त्यांची नावं खिशातल्या वहीत शेवटच्या पानावर लिहा. माझ्याकडे तीन निघाली. तिघांशी आता ठरलेला वार आहे. "भेटू कधीतरी" हे शब्द मी वापरायचे सोडले.

१०. पहिलं वर्ष: काय करू नये

रॉबर्ट अॅचली या अभ्यासकाने १९७६ साली निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीला मधुचंद्र, मग भ्रमनिरास, मग नव्याने घडी बसवणं, मग स्थिरता. सगळ्यांना सगळे टप्पे याच क्रमाने येतात असं नाही. पण दुसऱ्या टप्प्याला नाव आहे एवढं माहीत असलं तरी तो आल्यावर घाबरायला होत नाही. मला तो पाचव्या महिन्यात आला. सकाळी दाढी करायचं कारण सापडेना.

त्या काळात मोठे निर्णय टाळा. घर विकणं, दुसऱ्या गावी जाणं, आणि सगळ्यात मोहाचं म्हणजे "छोटासा काहीतरी" नवा धंदा. निदान एक वर्ष नाही. कोणी सल्लागार म्हणून बोलावलं तर तास आणि शेवटची तारीख लिहून घ्या, नाहीतर मागच्या दाराने तीच खुर्ची.

आणि जुन्या जागी जायचं असेल तर आधी फोन करून जा. तुम्ही बसवलेली माणसं तुम्हाला बघून आजही उठून उभी राहतील, मशीनवरचा माणूस हातातलं काम थांबवेल, आणि नव्या मालकाने सकाळी दिलेल्या सूचनेवर तुमच्याकडे बघून खात्री करून घेईल. म्हणून कामाच्या गर्दीत जाऊ नका, मशीनकडे जाऊ नका, आणि पाहुण्याच्या खुर्चीवर बसा.

माझ्या खुर्चीची उंची मुलीने दोन बोटं कमी केली आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती कोणाशी तरी फोनवर बोलत उभी होती, खुर्ची रिकामी होती, आणि माझा हात खालच्या त्या दांड्याकडे गेला. तिने बोलता बोलताच मानेने समोरच्या खुर्चीकडे खूण केली. मी तिथे जाऊन बसलो.